टाचा टेकव

पहाटे ४.५०

गजर व्हायच्या आधीच जाग येते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, एरवी साडेसातपर्यंत लोळत असतो, पण उन्हाळ्यातले शनिवार वेगळे. चहा थर्मासमध्ये ओततो. बायकोनं रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून ठेवलेली असते. गाडीची मागची सीट पाडून त्यावर एक लांबुडका खोका आडवा ठेवतो. त्यात साडेसहा फुटांहून उंच, तीन तुकड्यांत जोडायचा खांब आहे. त्यावर सरकणारी एक फळी. मुलांची उंची मोजायचं यंत्र. माझं शनिवारचं काम हेच.

अटलांटाच्या उत्तरेला आय-७५ धरून गेलं की जॉर्जियाची लाल माती दोन्ही बाजूंनी दिसायला लागते, आणि मधेच एकाला एक लागून बेसबॉलची मैदानं. जून-जुलैमध्ये तिथे शोकेस भरतात. शोकेस म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी पैसे भरून यायचं, धावून, फेकून, फटकावून दाखवायचं, आणि कॉलेजांच्या कोचनी खुर्च्या टाकून ते बघायचं. आपल्याकडच्या ‘दाखवण्याच्या कार्यक्रमा’शी एवढं साम्य आहे की पहिल्या वर्षी मला कांदेपोहे कुठे आहेत असंच वाटत होतं. तिथेही पत्रिकेआधी उंची विचारतात.

सकाळी ६.१५

टर्फवर खांब उभा करायचा नाही, हा मी स्वतः शिकलेला धडा. हिरव्या प्लास्टिकच्या गवताखाली काळ्या रबराचे दाणे असतात. जड मुलगा उभा राहिला की पाव इंच खचतो. म्हणून प्लायवूडचा तुकडा, त्यावर पाणसळ, मग खांब. स्टीलच्या टेपनं एकदा ताडून बघतो. शेजारी वजनकाटा.

कोच यायला लागलेत. छातीवर कॉलेजचं चिन्ह असलेला टी-शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच, एका हातात घडीची खुर्ची आणि दुसऱ्यात रडार गन. आज तीस-बत्तीस तरी असतील. प्रत्येकाच्या हातात खेळाडूंची यादी आहे: नंबर, नाव, शाळा संपण्याचं वर्ष, जागा, कोणत्या हातानं खेळतो, उंची, वजन. ही उंची-वजनं मुलांनी स्वतः अर्जात भरलेली. खरी मी मोजणार आहे. पण कोच लोक थांबत नाहीत. बॉलपेन त्या रकान्यावरून खाली सरकतं आणि ६-३, ६-४ (फूट-इंच) अशा आकड्यांपाशी ठिपका पडतो. त्या मुलानं अजून बुटांची नाडीही बांधलेली नसते.

सकाळी ७.००

रांग. चौऱ्याण्णव मुलं.

“बूट काढ. टोपी काढ. पाठ खांबाला. समोर बघ. टाचा टेकव.” हे मी इंग्रजीतच म्हणतो, पण मनात मराठीतच चालू असतं, कारण खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत गुरुजी भिंतीवरच्या खडूच्या रेघांना टेकवून हेच म्हणायचे. टाचा टेकव. दिवसभरात शंभर वेळा.

काय काय युक्त्या करतात पोरं! दोन-दोन मोजे. मोज्यात घातलेली बुटाची आतली पट्टी (ही मी आता बोटानं चाचपून काढतो). केस वर बांधलेले. हनुवटी उचलून मान ताणणं. एकानं तर टाचा टेकवल्या असं दाखवत टाचेखाली पेन्सिल ठेवली होती. मी काहीच बोललो नाही, फक्त पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली. कान लाल झाले बिचाऱ्याचे.

अर्जात लिहिलेली आणि मी मोजलेली उंची यांच्यात साधारण एक इंचाचं अंतर पडतं, आणि ते नेहमी एकाच दिशेनं. यात पोरांचा तरी काय दोष? बेसबॉलमध्ये उंची फुगवून छापण्याची परंपराच आहे. डस्टिन पेड्रोया कारकीर्दभर ५-९ म्हणून छापला गेला. आपण त्याहून कमीच आहोत हे तो स्वतःच हसत कबूल करायचा. २०२६च्या मोसमापासून मात्र मेजर लीगमध्ये गंमत झाली आहे. पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येते, आणि यंत्रातला स्ट्राइक झोन (ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध धरला जातो ती चौकट) प्रत्येकाच्या उंचीवरून ठरतो: वरची रेघ उंचीच्या साडेत्रेपन्न टक्क्यांवर, खालची सत्तावीस टक्क्यांवर. म्हणजे जेवढा बुटका तेवढा झोन छोटा, आणि पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, तेवढं अवघड. त्यासाठी खेळाडूंना बूट काढून मोजलं जातं. तिथे कोणी टाचा उचलत नाही. आयुष्यभर चोरलेला इंच मोठमोठ्या खेळाडूंना परत करावासा वाटतो, हे ऐकून मी एकटाच हसलो होतो.

माझ्या टेबलावर अजून तो दिवस आलेला नाही.

नंबर १४. सावळा, काटकुळा नाही पण बारीक, मनगटं मात्र जाड. अर्जात ५-९, वजन १६०. नाव वाचलं आणि मान वर केली. आडनाव आपल्याकडचं. पोरगं मात्र इथलंच, बोलणं पक्कं जॉर्जियाचं. त्यानं स्वतःहून टाचा टेकवल्या. फळी खाली आणली: पाच फूट साडेसात इंच. अगदी काठावर.

आमच्या तक्त्यात अर्धे इंच लिहीत नाहीत. अर्ध्याच्या पुढे असेल तर वरचा आकडा, मागे असेल तर खालचा. बरोबर अर्ध्यावर असेल तर? नियमात नाही. मी म्हणालो, “खोल श्वास घे.” त्यानं घेतला. फळी केसभर हलली.

५-८ लिहिलं. वजन १४६.

यात लबाडी नाही, असं मी स्वतःला समजावलं. माणूस सकाळी जरा उंचच असतो. दिवसभर उभं राहून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर उंची जाते. हाच मुलगा संध्याकाळी पाच वाजता रांगेत असता तर ५-७. माझ्या रांगेत पुढे उभं राहायचं शहाणपण कोणाकोणाला असतं. नसतं त्यांना मी सांगत नाही.

नंबर ५२ सगळ्यात शेवटी आला. ताडमाड. फळी वर नेताना मला चवड्यांवर उभं राहावं लागलं. ६-५, वजन १८८. हात गुडघ्यांपर्यंत. तो खांद्यात वाकूनच चालतो, उंच मुलं चालतात तशी, दाराच्या चौकटीला कायमचं घाबरून. मी म्हटलं, “सरळ उभा राहा, बाळा.” त्याच्याकडे बघायला मागे सात-आठ कोच जमले होते. वजनकाट्यापाशी एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती.

सकाळी ८.३०

साठ यार्डांची धाव. इथे माझं काम फक्त नंबर पुकारण्याचं. सात सेकंदांच्या आत आलं तर बरं, ६.७च्या आसपास आलं तर माना वळतात. नंबर १४: ६.७१. माना वळल्या, यादीत उंचीचा रकाना बघितला, आणि परत सरळ झाल्या. नंबर ५२: ७.६. कोणाच्याच चेहऱ्यावर काही नाही. पिचर कशाला धावायला पाहिजे?

सकाळी ९.३०

फेकी. आउटफिल्डवाले, मग इनफिल्डवाले, मग कॅचर. कॅचरची फेक होमप्लेटपासून सेकंड बेसपर्यंत, म्हणजे १२७ फुटांहून थोडं जास्त. हातमोज्यात चेंडू आदळल्यापासून तिकडे पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर कॉलेजचा कॅचर होऊ शकतो. इथे उंची बघत नाहीत. कॅचर उकिडवाच बसलेला असतो. ठेंगणा, दणकट मुलगा तिथे चालतो.

जागेप्रमाणे हा हिशेब बदलतो, हे नव्या पालकांना कळत नाही. सेकंड बेस, शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड यांना पाय आणि हात चपळ लागतात; तिथे ५-८, ५-९ खपून जातं. फर्स्ट बेस आणि दोन्ही कोपऱ्यांतले आउटफिल्डर यांच्याकडून लांब फटक्यांची अपेक्षा. तिथे अंगापिंडानं भरलेलाच हवा. सगळ्यात निर्दय रकाना म्हणजे उजव्या हाताचा पिचर. सहा फुटांच्या आत असलास तर तुझा वेग इतरांपेक्षा जास्त असायला हवा. डावऱ्याला दोन इंच माफ; डावरे मिळतातच कमी.

सकाळी ११.००

फलंदाजी. प्रत्येकाला दहा-बारा चेंडू. बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग यंत्र मोजतं आणि आकडा फळ्यावर झळकतो. हा आकडा आला आणि या धंद्यात थोडा न्याय आला, असं माझं मत आहे. पूर्वी कोचला फक्त डोळा होता, आणि डोळ्याला मोठं ते मोठंच दिसतं. आता बुटक्याच्या बॅटवरूनही ताशी ९५ मैल निघाले तर ते फळ्यावर लिहिलेलं असतं. नाकारायचं तर निदान कारण द्यावं लागतं.

नंबर १४चा सर्वांत जोरदार फटका ९१. बरा. थोर नाही.

जवळच एका मध्यम कॉलेजचा असिस्टंट कोच उभा होता. पस्तिशीचा असेल. मला चार वर्षं ओळखतो, कारण माझ्या थर्मासमधला आल्याचा चहा त्याला आवडतो. मी विचारलं, “कसा आहे तो छोटा?”

“हात चांगले आहेत,” तो म्हणाला. “पण १४६ पौंड! तो आमच्याकडे येईल तेव्हा समोर बावीस-तेवीस वर्षांचे बाप्ये उभे असतील. उंची तो मिळवू शकत नाही, मान्य. पण वजन मिळवता येतं. तीस पौंड मिळवले तर माझा फोन जाईल.”

“आणि ५२?”

“तो?” तो हसला. “त्याचं वजन आम्ही वाढवू.”

मी त्याला चहा ओतून दिला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. एकानं तीस पौंड घेऊन यायचं, दुसऱ्याला ते तिथे मिळणार. आमच्या गावच्या वाण्याच्या दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी होती, पण ती सगळ्यांसाठी सारखी नव्हती. काही घरांची वही चालायची. इथेही तसंच. उंच मुलाच्या नावावर उधारीचं खातं उघडलेलं असतं: आज वेग नाही, चालेल; नेम नाही, चालेल; पुढे देईल. बुटक्यानं मात्र सगळं रोख मोजायचं, काउंटरवर, आत्ता.

दुपारी १२.४०

जेवणाची सुट्टी. टेबलामागे सावलीत डबा उघडला, तोच समोर एक गृहस्थ. पन्नाशीचे, टोपी, गळ्याभोवती ओला रुमाल.

“अहो, तुम्ही मराठी का? चटणीचा वास आला म्हणून विचारतो.”

नंबर १४चे वडील. मूळचे नगरकडचे, इथे वीस वर्षं. दशमी पुढे केली, त्यांनी संकोच न करता घेतली. मग हळूच: “याची उंची किती लिहिली तुम्ही?”

“पाच-आठ.”

त्यांनी दीर्घ श्वास सोडला. आनंदाचा की दुःखाचा, कळलं नाही. मग ते बोलायला लागले ते जवळजवळ वीस मिनिटं. सचिन काय उंच होता? गावसकर? मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं आपल्याकडे म्हणतातच ना. आणि अल्टुवे बघा!

अल्टुवे प्रत्येक पालक बघतो. होजे अल्टुवे, ५-६. व्हेनेझुएलात ह्यूस्टनच्या चाचणीला गेला, पहिल्या दिवशी छोटा म्हणून घरी पाठवला, दुसऱ्या दिवशी परत हजर झाला. २००७ साली पंधरा हजार डॉलरवर करार, २०१७ साली अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षी मतांत त्याच्या मागे दुसरा कोण होता? ॲरन जज, ६-७. दोघं सेकंड बेसवर शेजारी उभे असलेला एक फोटो आहे. इथल्या निम्म्या पोरांच्या फोनमध्ये तो सापडेल.

मी त्यांना म्हटलं, रागावू नका, पण अल्टुवेचा आपल्याला उपयोग नाही. तो या रांगेत कधी उभाच राहिला नाही. तो कॉलेजात गेला नाही. सोळा-सतराव्या वर्षी तिथे करार होतात, पंधरा हजारांचा जुगार कोणीही खेळतो. कॉलेजच्या कोचचा जुगार वेगळा. आणि क्रिकेटचं म्हणाल, तर तिथे चेंडू टप्पा पडून येतो. ठेंगण्या फलंदाजाला मागच्या पायावर जाऊन खेळायला वेळ मिळतो, तोल खाली असतो. इथे चेंडू थेट अंगावर येतो आणि चारशे फूट लांब कुंपणापलीकडे जावा अशी अपेक्षा असते.

“मग?” ते म्हणाले. दशमी हातातच राहिली होती.

मग मी पेड्रोयाचं सांगितलं, कारण तो खरोखर या रस्त्यानं गेला. कॅलिफोर्नियातल्या वुडलँडचा. ॲरिझोना स्टेटमध्ये पॅट मर्फी यांच्या हाताखाली शॉर्टस्टॉप खेळला. टीमला चांगले पिचर आणता यावेत म्हणून शेवटच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती त्यानं सोडून दिली. २००४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, दुसऱ्या फेरीत बोस्टननं घेतलं, २००७ला उत्तम नवोदित, २००८ला सर्वोत्तम खेळाडू. ओरेगन स्टेटचा निक मॅड्रिगल, पाच-आठच्या आतबाहेर: २०१८ला त्याच्या कॉलेजनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये तो देशात चौथा निवडला गेला. ड्यूकचा मार्कस स्ट्रोमन, ५-७ आणि पिचर, उजव्या हाताचा! २०१२ला पहिल्याच फेरीत.

“म्हणजे होतं तर!” ते खूश झाले.

होतं. पण ही नावं आपण बोटांवर मोजतोय, हे लक्षात घ्या, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणालो नाही. माझाही मुलगा ५-७ होता. सेकंड बेस. एका कोचचं पत्र आलं होतं, तुमच्या मुलाचा खेळ आम्हाला फार आवडतो, आणि पुढच्या वाक्याची सुरुवात ‘पण’नं. शेवटी तो डिव्हिजन थ्रीमध्ये खेळला. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. फी भरायची आणि खेळायचं. चार वर्षं खेळला, मजेत. आता हिशेबनीस आहे, आणि रविवारी सॉफ्टबॉल खेळतो. दुःख त्याला नव्हतं, मला होतं. आता या खांबापाशी उभं राहून ते जरा निवलंय.

“याचा मामा सहा फूट आहे,” उठता उठता ते म्हणाले. “मामावर गेलाय तो. हाडं बघा ना. अजून वाढेल.”

दुपारी २.२०

वीज. जॉर्जियातल्या जूनची दुपार विजेशिवाय जात नाही. भोंगा वाजला, मैदान रिकामं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, मधे पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. कोच लोक शेडमध्ये दाटीवाटीनं उभे.

इथे त्यांच्या खऱ्या गोष्टी ऐकू येतात. पावसात कोणी मोठा कोच नसतो. एक सांगत होता, पूर्वी डिव्हिजन वनच्या टीमला ११.७ शिष्यवृत्त्या मिळायच्या. त्या जास्तीत जास्त सत्तावीस मुलांत तुकडे करून वाटायच्या, कोणालाही पावपेक्षा लहान तुकडा नाही. लग्नाच्या पंक्तीत अचानक पाहुणे वाढले की जिलेबी वाढणाऱ्याची होते तशी त्यांची तारांबळ. २०२५मध्ये कोर्टातल्या तडजोडीनं ते गणित बदललं: नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांवर मर्यादा नाही, पण टीममध्ये चौतीसच मुलं. पैसा वाढला, जागा घटल्या.

घटलेल्या जागा कोणाच्या? शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून दार ठोठावून येणाऱ्यांच्या. वॉक-ऑन म्हणतात त्यांना. डेव्हिड एक्स्टाइन असाच फ्लोरिडा विद्यापीठात शिरला होता. साडेपाच फुटांच्या थोडा वर. १९९७च्या ड्राफ्टमध्ये एकोणिसाव्या फेरीत कोणीतरी घेतला. २००६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसचा तोच सर्वोत्तम खेळाडू. ते दार आता नुसतं किलकिलं आहे.

“आणि पोर्टल,” दुसरा म्हणाला, आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एका कॉलेजातून दुसऱ्यात जायची मुभा मिळाल्यापासून कोचला सतरा वर्षांच्या पोराची वाट बघत बसायची गरज उरलेली नाही. एकवीस वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला, आकडे सिद्ध केलेला खेळाडू पोर्टलमध्ये मिळतो. त्यात मेजर लीगचा ड्राफ्ट चाळीस फेऱ्यांवरून वीसवर आला; पूर्वी जे व्यावसायिक व्हायचे त्यांतले बरेच आता कॉलेजातच थांबतात. म्हणजे शाळेतून येणाऱ्या मुलाची तुलना होते ती बाप्यांशी. उशिरा वाढणाऱ्या मुलाचं यात सर्वांत जास्त नुकसान, आणि उशिरा कोण वाढणार हे सोळाव्या वर्षी कोणाला सांगता येतं?

आणखी एक गंमत. शेडच्या दुसऱ्या टोकाला पोरं उभी होती, दहा फुटांवर, आणि एकही कोच त्यांच्याशी बोलत नव्हता. २०२३पासून नियम आहे: अकरावी सुरू होण्याआधीचा १ ऑगस्ट उजाडेपर्यंत भरतीचं बोलायचं नाही. लहान पोरं कोचकडे बघतात, कोच ढगांकडे.

दुपारी ३.५०

पिचर.

नंबर ५२ उभा राहिला आणि कुंपणामागे रडार गनांची ओळ लागली. पहिला चेंडू ८४. कॅचरच्या डोक्यावरून. दुसरा ८५, मातीत. चार जणांना फुकटची फर्स्ट बेस वाटली. तरी एकही गन खाली आली नाही.

याला कारण आहे, नुसता मोह नाही. पिचर आणि प्लेट यांच्यात साठ फूट सहा इंच अंतर असतं, पण चेंडू सुटतो तो पुढे झेपावून. लांब हातापायांचा मुलगा सात फूट पुढे येऊन सोडतो, छोटा साडेपाच-सहा फुटांवर. म्हणजे तेवढाच वेग फलंदाजाला जास्त वाटतो. शिवाय चेंडू वरून येतो. जुन्या कोचना हा वरून खाली येणारा कोन फार प्रिय. अलीकडे उलटही बोलायला लागलेत: छोट्या पिचरचा चेंडू खालून सुटतो, सपाट येतो, झोनच्या वरच्या काठावर मारला तर फलंदाजाची बॅट त्याच्याखालून जाते. टिम लिन्सेकम ५-११, वजन १७०, वॉशिंग्टन विद्यापीठाचा. २००६ला दहावा निवडला गेला, कारण एवढीशी चण टिकणार नाही अशी पुष्कळांना भीती. २००८ आणि २००९, लागोपाठ दोनदा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं पारितोषिक. यंत्रं आली तशी ही समज वाढतेय. पण यंत्राकडे जायच्या आधी कोच यादी वाचतो, आणि यादीत उंची आधी येते.

५२चे आईवडील कुंपणापाशी होते. दोन कोच मुद्दाम त्यांच्या बाजूनं पाणी आणायला गेले. पाणी इकडेही होतं. मला हसू आलं. पौषात खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. माझे आजोबा खोंड घ्यायला जायचे आणि मला खांद्यावर बसवून न्यायचे. खोंडाकडे ते शेवटी बघायचे. आधी त्याची आई बघायची. मग खूर, मग गुडघ्याची हाडं, मग शेपटी किती खाली येते ते. “आज काय दिसतंय त्याला कोण पैसे देतो,” असं म्हणायचे, “तीन वर्षांनी काय दिसंल, त्याचे पैसे.” चुकायचेही. एका खोंडाचं फार कौतुक केलं होतं. तो वाढला भरपूर, पण औताला जोडला की बसायचा.

ॲरन जजचं तेच उलटं. २०१०ला लिंडनच्या शाळेतून बाहेर पडताना ६-७ असूनही ओकलंडनं एकतिसाव्या फेरीत निवडलं. तो गेला नाही; फ्रेस्नो स्टेटमध्ये तीन वर्षं खेळला आणि २०१३ला पहिल्या फेरीत आला. फ्रेस्नोनं उधारी दिली होती, तिची फेड झाली.

संध्याकाळी ५.३०

सामने. माझं काम संपलंय, खांब उतरवून खोक्यात भरायचा बाकी. पण १४ सेकंड बेसवर उभा होता म्हणून रेंगाळलो. पाचव्या डावात उजवीकडे एक जमिनीलगत फटका गेला. तो आडवा झेपावला, गुडघ्यावरूनच वळून फेकला. आउट. टाळ्या कमी, कारण शेजारच्या मैदानावर ५२ पुन्हा पिचिंग करत होता. दोन वेळा बॅटिंग: एक सिंगल, एक चार वाईट चेंडू सोडून मिळवलेली वॉक. सिंगलनंतर त्यानं सेकंड बेस चोरली. कोणी बघितलं नाही असं म्हणता येणार नाही. चहावाला कोच बघत होता.

संध्याकाळी ७.१०

पार्किंग. टर्फचे काळे दाणे मोज्यांत, कानात, डब्याच्या झाकणात. खोका गाडीत सरकवत होतो तर तो कोच आला. खुर्ची काखेत, वही हातात.

“दुपारी तुम्ही १४च्या वडिलांशी बोलत होतात ना?”

“हो.”

“दिवसभर बसलेच होते ते. किती उंच आहेत?”

खोटं कशाला बोलायचं? “माझ्याएवढेच. पाच-सहा.”

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. सकाळपासून चौऱ्याण्णव मुलांना मी जसं बघितलं होतं, अगदी तसं. माझ्या टाचा टेकलेल्या होत्या. त्यानं वहीत पेन टेकवलं.

“पण मामा सहा फूट आहे,” मी घाईघाईनं म्हणालो.

“कोण?”

“आईचा भाऊ.”

“आईचा भाऊ,” तो म्हणाला, आणि पेन हललं. वही त्याच्याकडे तोंड करून होती आणि उजेड कमी झाला होता. काय लिहिलं ते मला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही.